बापाच्या अक्षरावर

मला सासरहून कायमची आणून सोडली, त्याच्या पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ वसंता गेला, आणि तो गेल्यावर चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोला, रतनला, मुलगा झाला. त्या मुलाच्या बारशाची ही गोष्ट. साल बासष्ट.

बारशाच्या दिवशी सकाळी थोरल्या भावानं, दामूअण्णानं, मला दुकानात हाक मारली. दुकान म्हणजे आमच्या घराचाच पुढचा खण. आम्ही मंगळवेढ्याचे कासार. भांडी विकायची आणि विकलेल्या भांड्यांवर नावं घालून द्यायची, हा धंदा. अण्णाच्या मांडीवर गोणपाट होतं, गोणपाटावर एक लहान पितळी वाटी उपडी घातलेली. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. टकटक चालू होती. मी येऊन उभी राहिले तरी त्यानं मान वर केली नाही.

"बस," तो म्हणाला.

मी पोत्यावर बसले. त्यानं वाटीवर फुंकर मारली, अंगठ्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"वाच."

"मला कुठं वाचाय येतंय, अण्णा."

"मग ऐक. दिनकर दामोदर. म्हण बघू."

"दिनकर."

"पुढचं?"

मी वाटीकडं बघत राहिले.

"मथू, पुढचं म्हण."

"बारशात बापाचं नाव कुठं घेतात? पोराचंच घेतात."

"बापाचं घ्यावं लागत न्हाई, तेच म्हणतोय मी. तू नुसतं दिनकर म्हण. बाप कोण ते गल्लीला आपोआप कळतंय."

ते खरंच होतं. त्या काळी आमच्या आळीत बापाच्या अक्षरावर पोराचं नाव ठेवायची रीत पडली होती, आणि ती पाडली होती वसंतानं. बारशाची वाटी घेऊन गिऱ्हाईक आलं की तो विचारायचा, बापाचं नाव काय? सखाराम? मग सुभाष ठेवा की. सुभाष सखाराम. दोन्ही अक्षरं सारखी आली की हात बसतो, वाटी भरल्यासारखी दिसते आणि हाक मारली की कानाला बरी लागते. लोक हसायचे, पण ठेवायचे. चार-सहा वर्षांत अशी गत झाली की गल्लीत पोरं खेळत असली आणि कुणी एखाद्याला हाक मारली, तर हाकेवरनं त्याचा बाप कळायचा. गणपतचा गजानन, पांडुरंगाचा प्रल्हाद. कुणी बापाचं अक्षर सोडून नाव ठेवलं तर बायका तोंडाला पदर लावायच्या.

ह्या रीतीची पहिली दोन नावं अण्णाच्याच मुलांची होती. दशरथ आणि दिगंबर. दशरथ बारशानंतर पंधरा दिवस राहिला. दिगंबरला दात यायचे होते, तेव्हा तो गेला. त्यानंतर यमुनावहिनींची कूस उजवली नाही, त्याला आता सात-आठ वर्षं झाली होती.

आणि वसंताचं स्वतःचं मूल व्हायच्या आधी, छिन्नी निसटून तळहाताला लागल्याचं निमित्त झालं. धनुर्वात. सहा दिवसांत आटोपला.

"अण्णा," मी म्हणाले, "पोर वसंताचं हाय."

"मी कुठं न्हाई म्हणतोय?" तो शांतपणे म्हणाला. तो चिडला की आवाज खाली जायचा. "पण वसंता हाय का पोसायला? रतनच्या बापानं अकलूजचं स्थळ बघितलंय. बिजवर हाय, किराणाचं दुकान हाय. त्याला बाई पाहिजे, बाईचं पोर नको. मग पोरानं जायचं कुठं? हितंच राहायचं. माझं म्हणून राहायचं. त्यात वाईट काय?"

"रतन तयार हाय का?"

"रतनला कोण विचारतंय? तिचा बाप तयार हाय. उद्या सकाळी गाडी जुंपून तिला न्यायची हाय." त्यानं वाटी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तिच्या बापाची गाडी तुझ्या सासरच्या गावावरनंच जाते, मथू. ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. माझ्या नवऱ्यानं दुसरी घरात आणली होती आणि मला विहिरीपाशी उभी करून सांगितलं होतं की, आता परत उंबऱ्यात पाय टाकलास तर तोडीन. मला तिकडं कुणी उतरवलं असतं तर विहीरच जवळ होती.

"कानात पडलेलं नाव बदलायचं नसतंय," अण्णा म्हणाला. "पोराला बाधतं. म्हणून म्हणतो, नीट म्हण. एकदाच म्हणायचं हाय. जा."

मी उठले. मागं टकटक पुन्हा चालू झाली.

स्वयंपाकघरात यमुनावहिनी घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसल्या होत्या. शेजारच्या बनाबाई तांबटीण पाय पसरून त्यांना मदत करत होत्या, म्हणजे बोलत होत्या. बनाबाई आळीतल्या सगळ्या बारशांना पुढं असायच्या. पाळण्यातनं पोर घ्यायचं आणि पाळण्याखालनं द्यायचं ते त्यांच्याइतकं कुणाला साधायचं नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं.

"ये गं मथुरे," त्या म्हणाल्या. "पाठ तयार ठेव. आज बुक्के बसणार हायत."

"बसू द्यात."

"आत्याला नाव सांगताना जेवढे बुक्के, तेवढं पोर दांडगं. माझ्या नंदेला मी असा एक घातला होता की चार दिवस वाकडी चालत होती. पोर बघ आता, वळूसारखं झालंय."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हरभऱ्यातला खडा काढून बाजूला टाकला. त्यांच्या गुडघ्यावर एक लाल टोपरं होतं, काठाला पिवळी झालर लावलेलं. ते त्यांनीच शिवलं होतं. बाळ जन्मल्यापासून त्या त्याला दिवसातनं दहादा घेऊन बसायच्या. रतननं दूध पाजलं की लगेच हात पुढं करायच्या, "आण इकडं," एवढंच म्हणायच्या. रतन द्यायची. दिल्यावर रिकामा पदर तसाच धरून बसायची.

"ह्यांनी कशाला बोलावलं होतं?" वहिनींनी मला विचारलं.

"नाव सांगितलं."

"काय?"

"दिनकर."

वहिनींचा हात हरभऱ्यात थांबला. मग त्या पुन्हा निवडायला लागल्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

बनाबाईंनी बोटांवर म्हणून बघितलं. "दिनकर दामोदर. वा. चांगलं वाजतंय. म्हणजे यमुने, तुझ्या मांडीवर देणार तर. मला वाटलंच होतं. तुझं नशीब उघडलं म्हणायचं."

"खडे बघा तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "कुणाच्या तरी दाताखाली येईल."

मी तिथनं आतल्या खोलीत गेले. बाळंतिणीची खोली, खिडकी बंद, शेगडीचा धूर. रतन भिंतीला टेकून बसली होती. एकोणीस वर्षांची पोर. कपाळ मोकळं. विधवा म्हणून तिला आज पाळण्यापाशी यायचं नव्हतं. स्वतःच्या पोराच्या बारशाला तिनं दाराआड बसायचं होतं. माझं उलट होतं. नवरा नव्हता, पण कुंकू होतं, म्हणून मी सवाष्ण.

"वन्सं, दार लावा," ती म्हणाली.

मी दार लोटलं.

"तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "द वरचं."

"व्हय."

"तुम्ही त्यांच्या अक्षरावर ठेवा."

नवऱ्याचं नाव ती मेल्यावरही घेत नव्हती. आमच्यात घेत नाहीत.

"रतन, अण्णानं वाटीसुद्धा घातलीय."

"वाटीचं काय, घासली की जाते. वन्सं, ऐका. जाऊबाई दुसऱ्याच्या अक्षराचं पोर मांडीवर घ्यायच्या न्हाईत. गल्ली रोज त्याला हाक मारणार, आणि रोज ऐकू येणार की हे त्यांचं न्हाई. थोरल्यांना तर मुळीच सहन व्हायचं न्हाई. मग पोर कुणाचं राहिलं? माझं. आणि पोर माझ्या काखेत असलं की अकलूजवाला आपोआप मागं फिरतो. कुणाशी भांडायला नको, काही नको. नुसतं एक नाव."

ती हे पाठ केल्यासारखं बोलत होती. बारा दिवस तिनं दुसरं काही केलंच नसणार.

"तू तुझ्या बापाला सांग की, जात न्हाई म्हणून."

"सांगितलं. त्यांनी काय केलं माहीत हाय? हसले. म्हणाले, ओल्या बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं." तिनं मांडीवरच्या बाळाचं पांघरूण सारखं केलं. "वामन ठेवा. ते म्हणायचे, लहान नाव बरं, चमच्यावर सुद्धा मावतं."

"आणि माझं काय?" मी म्हणाले. हे मी मोठ्यानं म्हणणार नव्हते, पण निघून गेलं. "उद्याच्या गाडीत अण्णा मला बसवणार. ती गाडी कुठनं जाते ठाऊक हाय तुला?"

रतननं माझ्याकडं बघितलं. अण्णाची धमकी तिला ठाऊक नव्हती. मग कळलं.

"मला हितंच राहायचंय, रतन," मी म्हणाले.

"मला बी," ती म्हणाली.

बाहेरनं वहिनींचा आवाज आला, "पोराला आणा. अंघोळीचं पाणी काढलंय."

रतननं पोर उचलून माझ्या हातात दिलं. माझ्या पायाला हात लावायला वाकली, मी पाय मागं घेतला. मी तिला हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

दुपारी बायका जमल्या. बापाविना पोराचं बारसं, म्हणून वाजंत्री नव्हती, तोरण साधं होतं. तरी आळीतली एकही घरी राहिली नव्हती. सगळ्यांना वास लागला होता. ओसरीवर पुरुष बसले होते. अण्णा, रतनचे वडील भगवानराव, आळीतले दोघं-तिघं वडीलधारे. ते पान लावत होते. मधल्या दारातनं मला अण्णाचा पटका दिसत होता. वाटी त्यानं शेजारी ठेवली होती, पिवळीजर्द.

मधल्या घरात आढ्याला पाळणा टांगला होता. आतल्या खोलीचं दार थोडं उघडं होतं आणि फटीत अंधार होता. तिथं रतन होती.

आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालनं फिरवला. बनाबाई एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग बाळ. वहिनींनी लाल टोपरं घातलेलं बाळ बनाबाईंना पाळण्यावरनं दिलं, बनाबाईंनी खालनं परत केलं. वहिनींचा चेहरा दगडासारखा होता. प्रत्येक वेळी बाळ त्यांच्या हातात आलं की त्या क्षणभर जास्त धरायच्या.

"सोड की गं यमुने," बनाबाई म्हणाल्या. "आता जन्मभर तुझ्याकडंच हाय ते." दोघी-तिघी हसल्या.

बाळाला पाळण्यात घातलं.

"आत्या कुठाय? मथुरे, ये. अशी काय उभी राहिलीस, तुझं लगीन लागतंय का?"

मी पुढं झाले. ओसरीवरचं बोलणं थांबलं. अण्णानं पान तोंडात धरलं होतं, चावत नव्हता. मी पाळण्यात वाकले. बाळ जागं होतं. टोपऱ्याची झालर त्याच्या भुवईवर आली होती, ती मी मागं केली आणि कान मोकळा केला.

"कुर्रर्र," मी म्हणाले.

पाठीवर बुक्के पडायला लागले. बनाबाईंचा पहिला, मग सगळ्यांचे. हसणं, बांगड्या. मी वाकलेलीच होते. मग मी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि उठून उभी राहिले.

"काय, काय? मोठ्यानं सांग."

"वामन," मी म्हणाले.

बुक्के थांबले. एकीचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला. पाळणा थोडा हलत होता, त्याची कडी वाजत होती.

"वामन?" बनाबाई म्हणाल्या. त्यांनी सवयीनं बोटांवर म्हणून बघितलं. "दामोदराचा वामन? हे कसं जुळंल?"

मागं भिंतीशी एक म्हातारी बसली होती, गल्लीच्या टोकाची. कमी ऐकू येणारी. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "दामोदराचा कशाला? वसंताचा की. वामन वसंत."

बस्स. ते नाव झालं. मी पाहिलं, बायकांची तोंडं हलत होती. वामन वसंत. वामन वसंत. एकदा म्हटलं की ते तोंडातनं जात नव्हतं. वसंतानंच लावलेली सवय ती.

अण्णा दारात येऊन उभा राहिला. बारशाला पुरुष आत येत नाहीत. तो उंबऱ्याच्या पलीकडं थांबला. हातात वाटी.

"काय नाव ठेवलंस?" आवाज अगदी खाली.

"वामन."

"परत म्हण."

"वामन, अण्णा."

"तुला सकाळी काय सांगितलं होतं?"

मी खाली बघितलं.

त्याच्या मागनं भगवानराव आले. जाड मिशा, कानात भिकबाळी. "हे काय चाललंय दामोदरपंत? आपलं काय ठरलं होतं? बदला की. बायकांचं काय, पुन्हा म्हणायला लावा."

"बदलायचं न्हाई," बनाबाई म्हणाल्या. त्यांना नाव आवडलं नव्हतं, पण रीत मोडलेली त्याहून आवडली नसती. "कानात पडलं ते पडलं. पोराला काय झालं तर कुणाच्या माथी?"

"मग यमुनाबाईंनी तसंच घ्यावं मांडीवर. नावात काय असतंय?" भगवानराव म्हणाले.

तेव्हा यमुनावहिनी बोलल्या. इतका वेळ त्या पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. त्यांनी दोरी सोडली आणि माझ्यासमोर आल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा की ओसरीवर ऐकू जावा. "आठ वर्षांनी माझ्या ओटीत पडत होतं. तुम्ही काढून घेतलंत. ज्या घरात जेवता त्याच घरावर उलटलात. तुमचं भलं व्हायचं न्हाई." मग अण्णाकडं न बघता, आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावाचं पोर मला नको. मी हात लावणार न्हाई त्याला. ज्याचं त्याला द्या."

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि रतन बाहेर आली. सवाष्णींच्या मधनं, मोकळ्या कपाळानं, पाळण्यापर्यंत. बनाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. रतननं बाळाला उचललं, टोपरं सारखं केलं आणि परत आत गेली. दार लावलं. कडी घातल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

घुगऱ्या वाटल्या गेल्या. कुणी फारशा खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानरावांची गाडी दारात उभी होती. बैल जुंपलेले. ते आतल्या खोलीच्या दाराशी गेले.

"रतन, चल. पोराचं नंतर बघू."

"पोरासकट येते," ती आतनं म्हणाली. "अकलूजला बी पोरासकटच."

"त्यांना चालायचं न्हाई, तुला माहीत हाय."

"मग मी बी न्हाई येत, बाबा."

त्यांनी दारावर थाप मारली. एकदा, दोनदा. मग पटका सारखा करून अंगणात आले. "तुझ्या पोरीपेक्षा बैल बरे," असं ते अण्णाला म्हणाले. पोर त्यांची होती हे विसरून.

अण्णानं माझ्याकडं बोट केलं. "तू गाडीत बस."

मी माझं गाठोडं बांधून ठेवलंच होतं. दोन लुगडी, एक तांब्या. मी ते उचललं आणि पायरी उतरले. गाडीच्या चाकाला हात लावला.

"त्या कुठं चालल्या?" वहिनी चुलीपासनं बाहेर आल्या, हाताला राख. "जाऊन बसतील तिथं आरामात, आणि हितं राबायचं मी एकटीनं? घरात बाळंतीण, ते रडणारं पोर. त्यांनी आणलंय हे, त्यांनीच निस्तरायचं. राहू द्या त्यांना. राबू द्या जन्मभर."

अण्णा बायकोकडं बघत राहिला. तिचं म्हणणं त्याला पटण्यासारखं होतं. शिक्षा तशीही होती.

"ठेव गाठोडं," तो म्हणाला. मथू म्हणाला नाही.

गाडी रिकामी गेली.

त्या दिवसानंतर अण्णानं मला नावानं हाक मारली नाही. "ए" म्हणायचा, "ते बघ" म्हणायचा, किंवा वहिनींना सांगायचा, "तिला सांग." मी त्याच घरात राहिले. रतनही राहिली. ती पापड लाटायची, मी भांडी घासून चकचकीत करायची. वामन मोठा झाला. शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पाटीवर मी अक्षरं काढायला शिकले. पुढं गावात बायकांचा वर्ग निघाला, तिथं उरलेली शिकले. तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. वामन दुकानात बसायला लागला, नावं घालायला लागला. अण्णानंच त्याला छिन्नी धरायला शिकवलं. त्याला तो "अरे" म्हणायचा. पण शिकवलं.

गल्लीत म्हणायचे, मथुरानं भावाच्या तोंडावर नाव फेकलं, टाकलेली बाई पण काय तिखट. मी ऐकून घ्यायची. रतन तर आजही मला हात जोडते. तिनं नातसुनांना ती गोष्ट सांगितलीय, की वन्संनी गाडीची भीती असताना कसं नाव घेतलं.

ते तसं झालं नाही.

मी पाळण्यात वाकले, कुर्रर्र केलं, तेव्हा माझ्या तोंडात कुठलंच नाव नव्हतं. दिनकर नव्हतं, वामनही नव्हतं. नुसती कोरडी जीभ. बुक्के पडत होते. त्यांतला एक बुक्का पडला आणि उठलाच नाही. हात पाठीवर तसाच दाबून राहिला. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी माझ्याइतकंच खाली वाकलं होतं. घुगऱ्यांचा वास आला. बायका हसत होत्या, बांगड्या वाजत होत्या आणि त्या गलक्यात माझ्या कानाशी यमुनावहिनी म्हणाल्या, "वन्सं, वसंताच्या अक्षरावर घ्या. लवकर."

मी मान वळवली. त्यांचे डोळे माझ्यापासून वीतभर.

"द वर दोन ठेवली," त्या म्हणाल्या. "दोन्ही पुरली मी. हे बी पुरायला लावता का?"

आणि मग माझ्या पाठीवर खरोखरचा एक बुक्का घातला, हाडात बसेल असा.

चार-सहा दिवसांनी आम्ही दोघी विहिरीवर भांडी घासत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी..."

"घासा," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाल्या, "ह्यांना कधी सांगायचं न्हाई. मी असेपर्यंत न्हाई, आणि मी गेल्यावर बी न्हाई. ह्यांना वाटू दे मला हवं होतं."

"नको होतं का?"

त्यांनी तांब्या विहिरीच्या कठड्यावर उपडा घातला. "हवं होतं की," त्या म्हणाल्या.

भांडी उचलून त्या पुढं निघाल्या. वामनला हात लावणार नाही असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, आणि अण्णा घरात असताना त्यांनी तो शब्द पाळला. तो बाजाराला गेला की पाळण्यातनं उचलायच्या. तो परत आल्याची चाहूल लागली की ठेवायच्या. असं वामन चालायला लागेपर्यंत चाललं.

यमुनावहिनी सत्याऐंशी साली श्रावणात गेल्या. अण्णा त्यानंतर चौथ्या वर्षी माघात गेला. शेवटचे दोन महिने त्याला भरवायला मीच होते. तो मला "ए" म्हणायचा. मी त्याला सांगितलं नाही.